धानपट्टीतला लोहार

मंडळी, गोंदियाकडे तुम्ही कधी गेला आहात काय? नसाल, तर दिवाळी उलटल्यावर एकदा अवश्य जा. नागपूरहून हावड्याच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसावे. भंडारा रोड गेले, तुमसर गेले, तिरोडा आले की खिडकीबाहेरचा मुलूख बदललेला दिसतो. आमच्या वर्ध्याकडची काळी जमीन, कापूस, तूर, सारे मागे राहते आणि जिकडे नजर जाईल तिकडे धानाच्या बांध्या. मधेच एखादा तलाव, त्याच्या पाळीवर मोहाची झाडे, आणि कुठे कापलेल्या धानाचे कडपे उन्हात पसरलेले. हवेतसुद्धा धानाचा वास असतो.

गोंदिया हा आता वेगळा जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यातून निघाला. आठ तालुके आहेत: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. शहरात भातगिरण्या पुष्कळ आणि बिडीचा धंदा जुना. पण मी तुम्हाला शहरात थांबवणार नाही. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारी गाडी पकडायची आणि अर्जुनीला उतरायचे. एके काळी या मार्गावर अरुंद रुळांची छोटी गाडी होती. आता रूळ मोठे झाले. डबा मात्र अजून तसाच गजबजलेला. कोंबड्या, टोपल्या, नव्या लुगड्यातल्या माहेरवाशिणी, आणि मंडईच्या नाटकांच्या गप्पा. झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटके होतात, दंडार होते. पाहुण्यांचा पूर लोटतो. मीही त्यातलाच एक पाहुणा. माझी भाची अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी दिली आहे.

हा सारा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी डोंगराच्या खोलगटीत पाळी घालून हे तलाव बांधले. सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव म्हणतात. जवळचा नवेगाव बांध हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. तो कोलू पाटील कोहळ्याने बांधला असे सांगतात. पाळीवर उभे राहिले की समोर पाणी, मागे डोंगर आणि खाली बांध्याच बांध्या. हे पाहायला लोक लांबून येतात. पण मला या खेपेला जे पाहायला मिळाले ते तलावावर नव्हते. ते होते गावाच्या टोकाला, एका काळ्याकुट्ट झोपडीत.

त्याचे असे झाले. मी पोचलो तेव्हा भाचीच्या घरचे हलके धान कापून झाले होते आणि भारी धान कापणीला आले होते. तीन एकरांची बांधी पिवळी होऊन उभी. कापणीला बायांची टोळी ठरलेली. आणि आभाळ भरून आलेले! तुम्हाला हे सांगायला नको. पिकलेल्या धानावर पाऊस आला की धान लोळते, लोंब्या चिखलात जातात, आणि कडपे भिजले तर दाण्याला कोंब फुटतात. वर्षाची कमाई चार दिवसांत मातीला मिळते.

जावईबापूंनी यंदा घाईत आठवडी बाजारातून बारा नवे विळे आणले होते. चकचकीत, रंगवलेल्या मुठीचे, स्वस्त. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाया बांधावर येऊन बसल्या. एकीने विळा भाचीच्या पुढ्यात टाकला आणि म्हणाली, “बाई, हा इरा नाही, हे टिनपट आहे. कापत नाही, ओढते. हात भरून आले.” (या भागात ‘ळ’चा ‘र’ होतो. डोळ्याचा डोरा होतो, तसा विळ्याचा इरा. पहिल्या दिवशी मला समजायला वेळ लागला.)

विळा मी हातात घेऊन पाहिला. दातेरी विळा होता, पण दात झिजून गुळगुळीत झाले होते. आता साध्या विळ्याला आपण दगडावर घासतो आणि पुढे चालतो. दातेरी विळ्याचे तसे नसते. तो घाव घालून कापत नाही, करवतीसारखा ओढून कापतो, म्हणून दिवसातून चार वेळा धार लावावी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण एकदा दात गेले की दगडाचे काम राहत नाही. दात नव्याने पाडावे लागतात आणि ते काम लोहाराचेच.

“बाबाजीकडे न्या,” भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, “मी आधीच म्हटलं होतं.” जावईबापू काही बोलले नाहीत. बाजारातून विळे आणल्यावर बाबाजीच्या दारात जायला त्यांना लाज वाटत होती, हे माझ्या लक्षात आले. मग मीच पिशवी उचलली.

बाबाजी म्हणजे तिथला लोहार. वय सत्तरीच्या पुढचे, अंगाने काटक, एका डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा दोऱ्याने बांधलेला. भट्टीच्या झोपडीला खिडकी नाही. मला वाटले, गरिबी. पण नाही, अंधार मुद्दाम ठेवलेला असतो. लोखंड किती तापले हे रंगावरून ओळखायचे असते आणि तो रंग उजेडात डोळ्याला फसवतो. हे त्यांनीच मला सांगितले.

पिशवीतले विळे त्यांनी एकेक करून जमिनीवर मांडले. कुठून आणले, का आणले, एका शब्दाने विचारले नाही. कानस घेतली आणि प्रत्येक विळ्याच्या धारेवर एकदाच फिरवली. कानस सरकली की विळा उजवीकडे, कानस रुतली की डावीकडे. डावीकडे पाच पडले. “हे पाच भंगारात द्या. कच्चं लोखंड आहे, याला पाणी धरत नाही. मी दात पाडीन, पैसे घेईन, आणि तुम्ही उद्या परत याल. सात होतील.”

मी म्हटले, “बाबाजी, बाया तिकडे बांधावर बसल्या आहेत. आभाळ हे असे आहे.”

ते उठले. आढ्याला एक जुनी टोपली टांगलेली होती, ती खाली काढली. तिच्यात तेल लावून चिंधीत गुंडाळलेले विळे होते. मोजून पाच काढले. “हे घेऊन जा. तुमचे होतील तोवर हे चालवा. काम झालं की आणून द्या.” पैसे विचारले तर हात हलवला. दर हंगामात असे पाच-सात विळे ते तयार ठेवतात. कोणाचा विळा दुरुस्तीला आला की त्याचे काम अडू नये म्हणून. आता तुम्हीच सांगा, शहरातल्या कोणत्या दुकानात अशी सोय तुम्हाला मिळाली आहे?

मला मिळाली नाही. दोन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शहरातून चाकाचे कोळपे आणले होते. आठ दिवसांत त्याची पास मुठीजवळ तुटली. एस.टी.चे भाडे खर्चून परत घेऊन गेलो, तर दुकानदार म्हणाला की आम्ही फक्त विकतो, बनवणाऱ्याला पत्र लिहा. पत्र लिहिले. उत्तर आले नाही. ते कोळपे अजून माझ्या गोठ्यात उभे आहे आणि त्याच्यावर कोंबड्या बसतात. असो.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी आणि जावईबापू भट्टीवर गेलो. जावईबापू पंखा फिरवायला बसले. पूर्वी कातड्याचा भाता होता, आता हाताने फिरवायचा लोखंडी पंखा आहे. जे पाहिले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आपण सारे विळा वापरतो, पण तो कसा होतो हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

जुन्या विळ्याला दात पाडायचे तर आधी तो नरम करावा लागतो. भट्टीत लाल करून राखेच्या ढिगात पुरायचा आणि सावकाश निवू द्यायचा. सातही विळे संध्याकाळीच राखेत पुरून ठेवलेले होते. मग एकेक काढून जुने दात कानशीने साफ करायचे आणि पात्याच्या एकाच अंगाने छिन्नीचे बारीक घाव घालीत जायचे. घाव सरळ नाही, मुठीकडे झुकलेला. म्हणजे विळा ओढला की दात धानाच्या काडीत शिरतो. एका पात्यावर किती घाव पडले ते मी मोजू लागलो आणि मधेच चुकलो. बाबाजींची मान खाली आणि हातोडी आपली टक्टक् टक्टक्, एका लयीत. दोन दातांतले अंतर मोजायला हातात काही नाही.

दात पाडून झाले की विळा पुन्हा तापवायचा आणि धारेची बाजू पाण्यात बुडवायची. याला पाणी देणे म्हणतात. पण एवढ्यावर थांबले तर पाते काचेसारखे होते, दगडाला लागताच दात उडतात. म्हणून पाठीकडची उष्णता हळूहळू धारेकडे येऊ द्यायची. पाते दगडावर घासून चकचकीत केलेले असते, त्यावर रंग सरकत येताना दिसतो. आधी फिका पिवळा, मग गर्द, मग जांभळट, मग निळा. धारेवर सुकल्या तणसासारखा पिवळा रंग आला की त्याच क्षणी पुन्हा पाण्यात. निळा होऊ दिला तर पाते नरम पडले. दोन श्वासांचा खेळ आहे हा. मी त्यांना बोलण्यात गुंतवले होते; त्या वेळी मात्र त्यांनी हाताने मला गप्प केले.

स्वतःचे विळे ते कमानपाट्याचे करतात. कमानपाटा म्हणजे ट्रकच्या चाकावरचे पोलादी पाटे. जुना पाटा भंगारवाल्याकडून मिळतो. पोलाद चांगले असते, पाणी धरते. प्रत्येक विळ्याच्या शेपटीवर, मुठीत शिरते तिथे, तीन टिंबांची खूण असते. मी विचारले, ही कशाला? म्हणाले, “माझा इरा कोणी आणला तर मला कळलं पाहिजे ना. माझा असला तर दात पाडायचे पैसे नाहीत.”

हा हिशेब नीट समजून घ्या. गावात अजून काही घरी सालाचे धान चालते. नांगरामागे ठरलेले धान खळ्यावरून लोहाराला जायचे आणि त्याने वर्षभर त्या घरचे फाळ, पास, विळे, कुऱ्हाडी नीट ठेवायच्या. भाचीचे घर त्यातलेच. पण बाजारचे विळे या करारात बसत नाहीत, म्हणून त्या सातांचे त्यांनी विळ्यामागे २० रुपये घेतले. ना एक रुपया कमी, ना जास्त. मला हे फार आवडले. उपकार म्हणून फुकट केले असते, तर जावईबापूंची मान आणखी खाली गेली असती.

जुने ते सगळे सोने असे मी म्हणणार नाही. सालाच्या धानाच्या बाबतीत बाबाजींच्याही तक्रारी आहेत. कोणी पोचट धान घालतो, कोणी यंदा पीक गेले म्हणून पुढच्या वर्षावर ढकलतो, आणि पीक खरेच गेलेले असले तर मागायचे कोणत्या तोंडाने? कोळसाही आता सहज मिळत नाही. लोहाराच्या पोरालाच लोहार व्हायला लावणारी ती रीत होती, हेही विसरून चालणार नाही. त्यांचा मुलगा गोंदियाला भातगिरणीत कामाला आहे आणि तो तिथे सुखी आहे. बाबाजी त्याबद्दल वाईट बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली. कापणी पाहायला बाबाजी स्वतः बांधीवर आले. मला वाटले, उसने दिलेले विळे न्यायला आले असतील. ते बांधावर उकिडवे बसले आणि बायांचे हात बघत राहिले. टोळीत एक तरुण बाई सारखी मागे पडत होती. बाकीच्या तिला चिडवत होत्या. बाबाजींनी तिला हाक मारली, “बाई, भाकर कोणत्या हातानं थापतेस?” ती लाजून म्हणाली, “डाव्या.” ती डावखुरी होती आणि लहानपणापासून उजव्या हाताने कापत आली होती, कारण दातेरी विळा डाव्या हातात चालत नाही. दात एकाच अंगाने असतात ना! डाव्या हातात धरला की ते अंग उलटे होते आणि विळा काडीवरून घसरतो.

बाबाजींनी तिचा पंजा आपल्या पंजाला लावून मूठ किती जाडीची हवी ते पाहिले आणि निघून गेले. संध्याकाळी विळा आला. दात दुसऱ्या अंगाने, मूठ बारीक. “आधी चार दिवस काप. बरा वाटला तर ८० रुपये दे. नाही वाटला तर परत आण.” तिसऱ्या दिवशी ती टोळीत सर्वांच्या पुढे होती असे मी म्हणणार नाही, कारण तसे झाले नाही. पण ती मागे राहत नव्हती. आणि मजुरी सर्वांना सारखी वाटताना आता तिच्याकडे कोणी तिरके बघत नव्हते.

हे पाहताना मला राहून राहून लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होत होती. आज किर्लोस्कर हे मोठे नाव आहे, पण सुरुवात बेळगावात सायकलच्या दुकानापासून झाली आणि १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते असा लोकांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षे गेली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे पत्रक सुरू केले. त्याचेच पुढे मासिक झाले. नांगर विकणाऱ्या कारखान्यातून घराघरात वाचले जाणारे मासिक निघावे, याचे मला नेहमी नवल वाटते.

धानाच्या विळ्यावर विद्यापीठातही काम झाले आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. हलका, दातेरी, आणि जमिनीला टेकवून कापता येणारा. जमिनीलगत कापण्याला महत्त्व आहे, कारण खोडकिडीच्या अळ्या धसकटांत दडून राहतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा उठतात. बाबाजींना हे विद्यापीठाचे नाव ठाऊक नव्हते, पण त्यांचा विळाही मुठीपाशी थोडा उचललेला असतो; जमिनीलगत कापताना बोटे खरचटू नयेत म्हणून. बायांनीच सांगितले, मी केले, एवढेच त्यांचे म्हणणे.

मोठे हार्वेस्टर आता इकडेही येतात. सडकेलगतच्या मोठ्या बांध्या ते तासाभरात मोकळ्या करतात. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मजूर मिळत नाहीत तेव्हा काय करायचे? पण लहान बांधीत, ओल्या चिखलात, लोळलेल्या धानात यंत्र अडते. शिवाय तणसाचा चुरा होऊन शेतात पसरतो, आणि गोठ्यातल्या बैलांना ते गोड लागत नाही. तेव्हा विळा अजून काही वर्षे तरी राहील. विळा राहील, पण दात कोण पाडील?

गावात लोहारकाम करणारा कोणी तरुण असेल तर त्याला एक गोष्ट जरूर सांगा. १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सुरू आहे. अठरा कारागिरांत लोहार आणि हातोडी-अवजारे बनवणारा हे दोन्ही आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या खेपेला १ लाखापर्यंत कर्ज अशी सोय आहे. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात होते आणि ग्रामपंचायतीकडून पडताळणी होते. बाबाजींना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “माझं वय झालं. पण पंखा फिरवायला एक पोरगा येतो, त्याला सांगा.” त्या पोराला मी सारे कागदावर लिहून दिले. तो लोहाराचा नाही, गोंडांच्या घरचा आहे. बाबाजी त्याला छिन्नी हातात देऊ लागले आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्यासाठी एक विळा घेतला. आमच्याकडे धान नाही, पण बांधावरचे गवत आहे, ज्वारीचा कडबा आहे. बाबाजींनी दोन गोष्टी बजावल्या, त्या तुमच्याही उपयोगाच्या आहेत. मूठ ढिली झाली तर पुष्कळ जण शेपटी चुलीत लाल करून नव्या मुठीत घुसवतात. तसे करायचेच असेल तर पात्याला ओले फडके घट्ट गुंडाळावे, नाही तर उष्णता धारेपर्यंत जाते आणि पाणी उतरते. आणि हंगाम संपला की विळा तसाच कुडात खोचून ठेवू नये. पुसून, तेलाचे बोट फिरवून चिंधीत ठेवावा.

तीन एकर धान पावसाआधी कापून झाले. पाऊस आला तो पुंजणे रचून झाल्यावर, आणि तोही शिंतोड्यांवर गेला. उसने आणलेले पाच विळे जावईबापू स्वतः परत द्यायला गेले. बराच वेळ आले नाहीत. मी पाहायला गेलो तर ते पंखा फिरवीत बसले होते आणि बाबाजी दुसऱ्या कोणाचा फाळ शेवटत होते.

माझा विळा फाल्गुनात बोथट झाला. चूक माझीच, बांधावरच्या दगडाला लागला होता. होळीला भाची माहेरी आली होती, तिच्याबरोबर तो परत पाठवला आणि वर ५० रुपये दिले. अक्षय तृतीयेला विळा परत आला. दात नवे. मूठही नवी, मोहाच्या लाकडाची. विळ्याला दोऱ्याने एक कागदाची पुडी बांधलेली होती. उघडून पाहिली, तर आत माझे ५० रुपये होते, आणि भाचीने निरोप सांगितला: “बाबाजी म्हणाले, मामाजीचा हात मोठा आहे, जुनी मूठ बारीक होती, तेव्हाच लक्षात यायला पाहिजे होतं.”